सुवॉनचा एक दिवस: के-ड्रामाच्या गल्ल्या आणि राजाचा तट

वू यंग-वूच्या बाबांचं किंबापचं (शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताचं) दुकान खऱ्या आयुष्यात जपानी जेवणाचं हॉटेल आहे. 'एक्स्ट्रॉऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू' ही तिची कोरियन मालिका दोनदोनदा पाहिलेल्या माणसाला हे सांगितलं की त्याचा चेहराच पडतो. पण ते हॉटेल ज्या गल्लीत आहे ती गल्ली मात्र अगदी खरी आहे. एकमजली-दुमजली घरं, दारात कुंड्या, डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं, आणि गल्लीच्या टोकाला अचानक उभा ठाकलेला दगडी तट. ही गल्ली सोलमध्ये नाही. सोलच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर सुवॉन नावाचं शहर आहे, तिथल्या हेंगगुंग-दोंग भागात ती आहे.

'अवर बिलव्हड समर'मधल्या कितीतरी फेरफटक्यांचं चित्रीकरण याच भागात झालं. २०२४ मध्ये 'लव्हली रनर' आली आणि सोलच्या (म्हणजे नायिकेच्या, शहराच्या नव्हे) घरासमोर फोटोसाठी रांगा लागल्या. चित्रीकरणवाले फिरून फिरून इथेच का येतात, याचं उत्तर त्या तटात आहे. ह्वासॉंग किल्ला १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याच्या आसपास उंच बांधकामाला बंदी आहे. बाकी सुवॉन आकाशाला भिडलं, तटाच्या आतला भाग जिथल्या तिथे राहिला. तिथल्या रहिवाशांची बरीच वर्षं हीच तक्रार होती की आमचा विकास अडला. आता त्याच अडलेल्या गल्ल्यांमध्ये कॅफे, फोटो स्टुडिओ आणि कॅमेरे आले आहेत.

म्हणून माझा सल्ला असा की दिवसाचा क्रम आधी किल्ला, मग ड्रामा असाच ठेवा. ड्रामाची जागा म्हणजे शेवटी एक दार किंवा एक भिंत, तिथे पाच मिनिटं लागतात. आधी तट चढून या, म्हणजे त्या पाच मिनिटांत आपण नक्की काय पाहतोय ते कळतं.

गाइड घ्यायचा की आपलं आपण?

सोलहून सुवॉनच्या दिवसभराच्या बससहली निघतात. बहुतेकांत सुवॉनच्या जोडीला योंगइनमधलं कोरियन फोक व्हिलेज आणि एखादा मॉल असतो. वयस्कर माणसं बरोबर असतील, किंवा कडाक्याची थंडी असेल, तर जरूर घ्या. पण बुक करण्याआधी एकच प्रश्न विचारा: किल्ल्यावर नक्की किती वेळ? पहिल्या खेपेला मी हे विचारलं नव्हतं. पत्रकात तीन ठिकाणं होती, प्रत्यक्षात किल्ल्याच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली आणि जिन्सेंगच्या दुकानात मात्र आम्ही तासभर बसलो. पाच-सहा किलोमीटरचा तट चाळीस मिनिटांत पाहायचा म्हणजे पायथ्याला गाडी उभी करून सिंहगड पाहिल्यासारखं.

दुसऱ्या खेपेला आईला घेऊन स्वतः गेले. खालचा क्रम त्या दिवसाचा आहे. गाइडच हवा असेल तर हेंगगुंग राजवाड्याजवळच्या पर्यटन माहिती केंद्रात आधी चौकशी करा, शहराचे प्रशिक्षित वारसा-मार्गदर्शक असतात. इंग्रजीतली माहिती हवी असेल तर ते आधीच सांगावं लागतं.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर दक्षिण कोरियाला व्हिसा लागतो, हे माहीत असेलच. फोनमध्ये नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घाला, कारण पायी रस्ता दाखवण्याच्या बाबतीत गुगल मॅप्स कोरियात लंगडं पडतं. बस-मेट्रोसाठीचं टी-मनी कार्ड कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतं. त्यात पैसे भरायला रोख वॉन जवळ ठेवा.

आता एक नावाचा घोळ. किल्ल्याचं नाव ह्वासॉंग, आणि सुवॉनच्या शेजारच्या एका वेगळ्या शहराचं नावही ह्वासॉंगच. नकाशात नुसतं 'ह्वासॉंग' टाकलंत तर भलतीकडेच पोचाल. 'सुवॉन ह्वासॉंग' किंवा सरळ 'ह्वासॉंग हेंगगुंग' असं टाका.

सोमवार टाळा, कारण त्या दिवशी राजवाड्यासमोरची युद्धकलेची प्रात्यक्षिकं नसतात. ऋतू म्हणाल तर एप्रिलच्या सुरुवातीला फाल्दालसान टेकडीवर चेरी फुलते, आणि ऑक्टोबरात हवा सुरेख असते. शरदात राजाच्या मिरवणुकीचा उत्सवही होतो. जुलैत तिकडेही आपल्यासारखाच पाऊस असतो. जानेवारीत तटावरचा वारा हाडं गोठवतो.

सुवॉन गाठताना

दोन मार्ग. सोल स्टेशनवरून रेल्वेची साधी गाडी पकडली तर अर्ध्या तासात सुवॉन. मेट्रोच्या १ नंबर लाइनने तासभर, पण गाड्या सतत. या लाइनला गुरो स्टेशनपाशी फाटा फुटतो: एक शाखा इंचनला जाते, दुसरी सुवॉनवरून पुढे छॉनान-सिनछांगकडे. डब्यावरची पाटी न वाचता मी बसले आणि बराच वेळ इंचनच्या दिशेने निवांत प्रवास केला. गाडी कुठे संपते ते वाचून मगच चढा.

सुवॉन स्टेशनबाहेरून बसने दहा-पंधरा मिनिटांत हेंगगुंग येतं. टॅक्सीही फार महाग पडत नाही, तिघं-चौघं असाल तर तीच बरी.

दहा वाजता: हेंगगुंग, आणि एका पेटीची गोष्ट

हेंगगुंग म्हणजे राजा राजधानीबाहेर पडला की मुक्काम करायचा तो वाडा. राजधानीपासून एवढ्या जवळ इतका मोठा वाडा का, हे कळायला १७६२ साली जावं लागतं. जोसॉन घराण्याचा राजा यॉंगजो याने आपल्याच मुलाला, युवराज सादोला, तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत कोंडलं. भर उन्हाळ्यात आठ दिवसांनी सादो त्या पेटीतच मेला. सादोचा मुलगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. तो १७७६ मध्ये जॉंगजो नावाने गादीवर आला आणि आल्या आल्या त्याने जाहीर केलं की मी सादोचा मुलगा आहे. ज्यांच्या साक्षीने बाप गेला ते दरबारी समोरच बसलेले असताना.

१७८९ मध्ये जॉंगजोने वडिलांची कबर इकडच्या भागात हलवली. तिथली वस्ती उठवून फाल्दालसानच्या पायथ्याशी वसवली, आणि त्या नव्या गावाभोवती १७९४ ते १७९६ या काळात हा तट बांधला. कबरीच्या दर्शनाला येताना राहायला वाडा हवा, म्हणून हेंगगुंग. १७९५ मध्ये याच वाड्यातल्या बोंगसुदांग दालनात त्याने आईची साठी थाटात केली. आई आणि सादो एकाच वर्षी जन्मलेले, म्हणजे बाप असता तर त्याचीही साठी त्याच वर्षी झाली असती. 'द रेड स्लीव्ह' पाहिली असेल तर त्यातला हट्टी, अभ्यासू राजपुत्र हाच. बोंगसुदांगसमोर उभं राहताना हे डोक्यात असू द्या, नाहीतर ते नुसतं एक रंगवलेलं लाकडी दालन दिसेल.

'ज्युएल इन द पॅलेस'चं चित्रीकरण इथे झालं. दूरदर्शननेही ती मालिका हिंदीत दाखवली होती, आणि आई सुवॉनला यायला तयार झाली ती केवळ तेवढ्यासाठी. तर गंमत अशी: मालिकेतली जांगगुम सोळाव्या शतकातली, राजा जुंगजोंगच्या काळातली. हा वाडा तिच्यानंतर अडीचशे वर्षांनी बांधला गेला. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे शिवाजी महाराजांचा सीन शनिवारवाड्यात घेतल्यासारखं." अगदी तसंच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवून फिरा. तुम्हाला दिसतो तो वाडा बराचसा नवा आहे. जपानी राजवटीत तो पाडला गेला, त्या जागी इस्पितळ आलं. जुन्यातलं नाकनामहॉन हे दालन तेवढं वाचलं. बाकीचं बांधकाम टप्प्याटप्प्याने परत उभं राहिलं आणि शेवटचा मोठा टप्पा २०२४ मध्ये पुरा झाला. नाकनामहॉनच्या खांबांचं लाकूड आणि इतर दालनांचं लाकूड शेजारी शेजारी पाहा, वयातला फरक डोळ्यांना कळतो.

अकरा वाजता मुख्य दरवाज्यासमोर तलवार-भाल्यांची प्रात्यक्षिकं होतात. जॉंगजोच्याच काळात, १७९० मध्ये तयार झालेल्या युद्धकलेच्या ग्रंथावर ती आधारलेली आहेत. पहिल्या रांगेत बसू नका, चिरलेल्या बांबूचे तुकडे उडतात.

तटावर: दोन तास, पाणी बरोबर

वाड्याच्या मागून फाल्दालसान चढायला लागा. टेकडी बुटकी आहे, पर्वती चढणाऱ्याला घामही फुटायचा नाही. वर सॉजांगदे हे सेनापतीचं ठाणं. इथून सगळं एकाच नजरेत येतं: खाली तटाच्या आतली बुटकी छपरं, तटाबाहेर उभ्या इमारतींची भिंत. गल्ल्यांबद्दल सुरुवातीला जे लिहिलं त्याचा पुरावा म्हणजे हे दृश्य. फोटो काढायचा तर इथून काढा.

जवळच एक मोठी घंटा आहे, ती थोडे पैसे देऊन तीनदा वाजवता येते. पहिला टोल आईवडिलांसाठी, दुसरा कुटुंबासाठी, तिसरा स्वतःसाठी. बापाच्या आठवणीपायी उभ्या राहिलेल्या शहरात पहिला टोल कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. आईने तिन्ही टोल तिच्या आईच्या नावाने दिले.

सॉजांगदेवरून उत्तरेकडे तटाच्या कडेने ह्वासॉमुन या पश्चिम दरवाज्याकडे उतरा. ('मुन' म्हणजे दरवाजा, एवढा एक शब्द पाठ केला की निम्म्या पाट्या कळतात.) या उतरणीवर मराठी माणसाने घाई करू नये. आपल्याला गडाची भाषा येते, ती इथे लागू पडते. तटाला ठरावीक अंतरावर पुढे आलेले बुरूज आहेत. तटात जंग्या (मारा करायची भोकं) आहेत आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत. प्रत्येक चऱ्यात (तटमाथ्यावरच्या दात्यात) तीन भोकं: कडेची दोन जवळजवळ सरळ, लांबच्या शत्रूसाठी, मधलं मात्र तीव्र उताराचं, तटाच्या पायाशी येऊन भिडलेल्याला टिपायला. खाली वाकून मधल्या भोकातून पाहिलंत तर थेट तळाचं गवत दिसतं. मी दहा मिनिटं एकेका भोकाला डोळा लावत चालले होते, आणि दोन कोरियन आजीबाई थांबून माझ्याकडे पाहत होत्या.

दरवाज्यांपुढे अर्धगोल तट आहे. आपली गोमुखी बांधणी दरवाजा बुरुजांच्या मिठीत लपवते; इथे दरवाज्यापुढे अर्धचंद्राची ओंजळ धरली आहे. आत शिरलेला शत्रू त्या ओंजळीत सापडला की तिन्ही बाजूंनी मार. ह्वासॉमुनला ही ओंजळ एका बाजूने उघडी आहे, पुढे येणाऱ्या उत्तरेच्या जांगआनमुनला ती मधोमध दार ठेवून बंद केली आहे. ह्वासॉमुनच्या शेजारचा विटांचा पोकळ टेहळणी बुरूजही पाहा. दगड आणि वीट एकत्र वापरणं तेव्हाच्या कोरियात नवीन होतं.

एवढा तट तीन वर्षांच्या आत कसा झाला? एक कारण जॉंग याक-योंग नावाचा तरुण विद्वान. त्याने कप्प्या लावून जड दगड उचलायचं यंत्र आखलं, त्याला गॉजुंगगी म्हणतात. दुसरं कारण मला जास्त आवडतं: मजुरांना वेठीला न धरता रोजंदारी दिली गेली. काम संपल्यावर सगळा हिशेब, दगड, विटा, खर्च, आराखडे, कारागिरांची नावं आणि त्यांनी किती दिवस काम केलं, हे सगळं 'उइग्वे' या दफ्तरात छापलं, १८०१ साली. कोरियन युद्धात तटाची वाताहत झाली तेव्हा हेच दफ्तर कामाला आलं. १९७०च्या दशकात तट त्यातल्या आराखड्यांबरहुकूम पुन्हा बांधला, आणि युनेस्कोच्या यादीत शिरतानाही त्या दफ्तराचा आधार मिळाला. आपल्या बारा गडांना २०२५ मध्ये तेच मानांकन मिळालं. एखाद्या गडाचं असं दफ्तर आपल्याकडे असतं तर, हा विचार या उतरणीवर येतोच.

दीड वाजता: गल्ल्या

ह्वासॉमुनपासून आत वळलात की हेंगनिदान-गिल. हे नाव अलीकडचं, तरुणांनी पाडलेलं. २०१३ च्या सप्टेंबरात या भागाने एक महिना सगळ्या मोटारगाड्या बाहेर ठेवल्या होत्या, पर्यावरणस्नेही वाहतुकीच्या जागतिक महोत्सवासाठी. त्या निमित्ताने रस्ते दुरुस्त झाले, पदपथ सुधारले. आज तुम्ही इथे आरामात रमतगमत चालता त्यात त्या महिन्याचा वाटा आहे.

वू यंग-वूचं दुकान शोधायला नेव्हर मॅपवर कोरियनमध्ये 'वू यंग-वू किंबाप' टाकलं तरी पुरतं. दारासमोर फोटो काढणारे असतातच, त्यांच्या मागे उभे राहा. 'लव्हली रनर'मधलं घर आता कॅफे आहे, त्यामुळे कॉफी घेऊन हक्काने बसता येतं. 'अवर बिलव्हड समर'ची मात्र ठरावीक एक जागा शोधत बसू नका. त्या मालिकेत हा सगळा परिसरच पात्रासारखा आहे. ती आवडली असेल तर नकाशा खिशात टाका आणि वाट फुटेल तिकडे जा.

इथे एक विनंती. पाटी नसलेलं दार म्हणजे कुणाचं तरी घर. त्याच्या पायरीवर बसून रील करू नका, आणि खिडकीत कॅमेरा तर अजिबात नको. सोलच्या बुकचोनमध्ये पर्यटकांनी इतका उच्छाद मांडला की आता ठरावीक भागात संध्याकाळी पाच ते सकाळी दहा प्रवेशबंदी आहे आणि मोडणाऱ्याला एक लाख वॉन दंड. हेंगगुंग-दोंगवर ती वेळ अजून आलेली नाही.

जेवणाचं सांगते. सुवॉन ज्यासाठी प्रसिद्ध आहे ती वांगगाल्बी म्हणजे गाईच्या मोठ्या बरगड्या, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी ते नाव लक्षात ठेवून टाळावं. शाकाहारी माणसाने किंबाप घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. समुद्री शेवाळाच्या पानात भात गुंडाळलेला असतो आणि आत गाजर, पालक, पिवळा आंबट मुळा, अंडं यांच्या सोबत हटकून हॅम किंवा माशाची पट्टी. "हॅम प्पे जुसेयो", म्हणजे हॅम वगळा. मांस नको असेल तर "गोगी प्पे जुसेयो". माशाच्या पट्टीला 'ओमुक' म्हणतात, तीही काढायला सांगा. हे सगळं सांगून झालं तरी किमचीत मासळीचा अर्क आणि सूपमध्ये सुक्या मासळीचं पाणी असू शकतं. कडक शाकाहारी असाल तर डबा बरोबर न्यावा हेच खरं. आई थेपले घेऊन आली होती आणि जांगआनमुनजवळच्या बाकावर बसून तिने ते शांतपणे खाल्ले.

चारनंतर: पाणी आणि चंद्र

जांगआनमुनवरून पूर्वेकडे दहा मिनिटांवर ह्वाहोंगमुन. शहराचा ओढा इथे तटाखालून सात कमानींतून आत येतो, आणि कमानींवर एक देखणी बैठक आहे. त्याच्याच वरच्या अंगाला खडकावर बांगह्वासुरयुजॉंग. नाव उच्चारायला जड, वास्तू मात्र हलकीफुलकी: टेहळणीचं ठाणं, पण बांधणाऱ्याने ते विश्रांतीच्या मंडपासारखं बांधलं. वर चपला काढून बसता येतं.

खाली योंगयॉन नावाचं छोटं तळं आहे. पौर्णिमेला या तळ्यावरून दिसणारा चंद्रोदय सुवॉनच्या जुन्या नावाजलेल्या दृश्यांपैकी एक. आता संध्याकाळी इथे तरुण मुलंमुली चटया अंथरून बसतात. चटई, टोपली, छोटा दिवा असं सगळं सामान आजूबाजूची दुकानं भाड्याने देतात. दिवसभराच्या चालण्यानंतर इथेच पाय पसरा. पायांत जोर उरला असेल तर पुढे यॉनमुदेला धनुर्विद्येचं मैदान आहे, थोडक्या पैशांत दहा बाण मारता येतात. माझे दहापैकी आठ गवतात गेले. हे मैदान दिवसाउजेडीच बंद होतं, तेव्हा बाण मारायचेच असतील तर आधी ते उरका आणि मग तळ्यावर परत या.

रात्रीच्या जेवणाला फाल्दालमुन या दक्षिण दरवाज्याजवळची तळलेल्या कोंबडीची गल्ली. २०१९ च्या 'एक्स्ट्रीम जॉब' सिनेमात गुन्हेगारांवर पाळत ठेवणारे पोलिस कोंबडीचं दुकान काढतात आणि त्यांचा जो पदार्थ तुफान चालतो त्याच्या नावातच सुवॉन आहे. सिनेमानंतर इथल्या दुकानांनी तो पदार्थ खरोखर करायला घेतला. गोडसर मसाल्यात घोळवलेली कोंबडी, दोघांना एक पुरून उरते.

परतताना शुक्रवार ते रविवार संध्याकाळच्या साध्या गाड्या भरलेल्या असतात. खिडकीवर 'इप्सॉक' मागा, म्हणजे उभं राहून जायचं तिकीट. अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे. आई बरोबर असेल तर मात्र मेट्रोच बरी, वेळ दुप्पट लागतो पण वयस्करांसाठी राखीव जागा असते, आणि परतीला पाटी वाचली नाही तरी चालतं: सुवॉनहून सोलकडे जाणाऱ्या वाटेवर फाटा फुटत नाही, मिळतो.